पाण्यावर उभे राहण्याची युक्ती

पाण्यात टाकलेला दगड बुडतो, हे लहान मूलही सांगेल. पण तोच दगड चपटा असला आणि तुम्ही तो तळ्याच्या पाण्याला लागून जोराने भिरकावला, तर तो लगेच बुडत नाही. टप्पे घेत घेत पुढे जातो. वेग संपला, की मात्र गुपचूप तळाशी जातो. दगड तोच, पाणीही तेच. मग आधी तो का बुडला नाही?

याचे उत्तर तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकला आहात. प्रत्येक क्रियेला तेवढीच आणि उलट दिशेची प्रतिक्रिया असते. तिरका दगड पाण्याला खाली दाबतो, तेव्हा पाणी त्याला वर ढकलते. दगड वेगात असेल तोवर हे ढकलणे त्याला तोलून धरते. फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केले. दगड पाण्याशी सुमारे २० अंशांचा कोन करून आदळला, तर तो सर्वांत चांगले टप्पे घेतो, असे त्यांना २००४ साली आढळले. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा : वेग आणि कोन. दगडाच्या जागी माणूस ठेवला, तरी नियम हाच. पायाला दोन लांब फळ्या बांधायच्या, हातात दोरी धरायची आणि ती दोरी मोटारबोटीने ओढायची. या खेळाला ‘वॉटर स्कीइंग’ म्हणतात आणि त्या फळ्यांना ‘स्की’.

हा खेळ फार मोठ्या, फार वेगवान बोटींचाच असावा, असे तुम्हांला वाटेल. आज स्पर्धांमध्ये तशाच बोटी असतात. नागमोडी वळणे घेण्याच्या स्पर्धेत पुरुषांसाठी बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटरपर्यंत असतो. पण या खेळाचा जन्म झाला तो एका साध्या, संथ बोटीच्या मागे. ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात लेक सिटी नावाचे लहानसे गाव आहे. गावाला लागून पेपिन सरोवर आहे. त्याला सरोवर म्हणतात खरे, पण ती मिसिसिपी नदीच आहे. त्या ठिकाणी नदीचे पात्र खूप रुंद झाले आहे, इतकेच. तुमच्या उर्दूत ‘दरिया’ म्हणजे नदी आणि मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. पेपिन सरोवर हा उर्दूतला दरिया. पण काठावर उभे राहिले, तर तो मराठीतल्या दर्यासारखा विशाल वाटतो!

या गावात राल्फ सॅम्युएलसन नावाचा तरुण राहत होता. त्या भागात हिवाळ्यात भरपूर बर्फ पडते आणि लोक पायांना स्की बांधून बर्फावरून घसरतात. राल्फच्या मनात आले, की बर्फावर घसरता येते, तर पाण्यावर का नाही? १९२२ सालच्या उन्हाळ्यात तो या नादाला लागला. लाकडी पिंपाच्या फळ्या त्याने पायाला बांधून पाहिल्या. त्या बुडाल्या. बर्फावरच्या स्की बांधून पाहिल्या. त्या अरुंद होत्या. त्यांनीही दगा दिला.

मग त्याने लाकडाच्या वखारीतून दोन फळ्या आणल्या. प्रत्येक फळी आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद होती. आईच्या तांब्याच्या भांड्यात पाणी उकळून त्याने फळ्यांची टोके शिजवली. लाकूड मऊ झाल्यावर टोके वर वाकवली आणि ती तशीच वाळेपर्यंत घट्ट बांधून ठेवली. पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले. ओढण्यासाठी खिडकीच्या झडपांना वापरतात तशी सुमारे शंभर फूट दोरी घेतली. हातात धरायला लोखंडी कडे तयार करून घेतले. बोट चालवायला त्याचा भाऊ बेन होता. बोटीला एका जुन्या मालमोटारीचे इंजिन बसवलेले होते. तिचा वेग ताशी जेमतेम २५ किलोमीटर. शहरातली बस याहून जोरात जाते!

राल्फ पुन्हा पुन्हा पडला. बोट निघाली, की फळ्यांची टोके पाण्यात घुसत आणि तो तोंडावर आपटे. काठावर जमलेले लोक पाहत होते. शेवटी २ जुलै १९२२ रोजी त्याने एक लहानसा बदल केला. तो मागे रेलला आणि फळ्यांची टोके त्याने पाण्याच्या वर ठेवली. बोट निघाली. फळ्यांनी पाणी खाली दाबले, पाण्याने फळ्या वर उचलल्या आणि राल्फ उभा राहिला. दुसऱ्याच दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता.

आता विचार करा. बोट तीच होती, इंजिन तेच होते, दोरीही तीच होती. बदलला तो फक्त कोन. इंजिनची ताकद वाढवून राल्फ जिंकला नाही. पाणी कसे वागते, हे समजून घेऊन तो जिंकला.

आठ फुटांच्या फळ्या त्याला का लागल्या, हेही समजून घेऊ. पाण्याचा आधार तीन गोष्टींवर अवलंबून असतो : वेग, फळीचा आकार आणि तिचा कोन. यांत वेगाचा वाटा सर्वांत मोठा. वेग निम्मा झाला, तर आधार निम्मा होत नाही. तो चौथा हिस्सा उरतो. मग ती तूट भरून काढायची कशी? फळी मोठी करून. आज नवशिक्यांच्या स्की साधारण साडेपाच फूट लांब आणि सहा-सात इंच रुंद असतात. राल्फच्या फळ्या क्षेत्रफळाने त्यांच्या जवळजवळ दुप्पट होत्या. संथ बोटीला मोठ्या फळ्या, हा नियम आजही तसाच लागू आहे. बोट लहान असेल, तर जाणकार लोक रुंद स्की निवडतात.

आता थोडा हिशेब करू. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. समजा, पाण्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला ओढायला ३०० न्यूटन बल लागते आणि बोट सेकंदाला ७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने जात आहे. ३०० ला ७ ने गुणले, की २१०० वॅट होतात. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. म्हणजे पुरती तीन अश्वशक्तीसुद्धा लागली नाही!

मग लहान इंजिन दमते कुठे? एक तर त्याला बोटीचे आणि बोटीत बसलेल्यांचे वजनही ओढायचे असते. शिवाय पाण्यात फिरणारा पंखा इंजिनची काही शक्ती वाया घालवतो. पण खरी परीक्षा असते ती सुरुवातीला. भरलेली हातगाडी जागची हलवताना हमालाला किती जोर लावावा लागतो, ते तुम्ही बाजारात पाहिले असेल. एकदा चाके फिरू लागली, की ती सहज जाते. येथेही तसेच आहे. सुरुवातीला माणूस छातीपर्यंत पाण्यात असतो. बोटही पाण्यात खोल रुतलेली असते आणि तिचे नाक वर उचललेले असते. दोघांनाही पाणी कापत जावे लागते. वेग वाढला, की आधी बोट आणि मग माणूस पाण्याच्या पृष्ठभागावर येतो. त्यानंतर ओझे एकदम हलके होते. लहान बोटीला हा एवढा चढ पार करायचा असतो.

त्यासाठी युक्त्या आहेत. पहिली युक्ती, बोटीत जरुरीपुरतीच माणसे घ्यावीत. नको असलेले सामान काठावर ठेवावे. दुसरी युक्ती, बोटीतले वजन थोडे पुढच्या बाजूला असावे, म्हणजे नाक लवकर खाली येते आणि बोट लवकर पाण्यावर येते. तिसरी युक्ती, दोरी बोटीच्या एका कोपऱ्याला बांधू नये. दोन फाटे असलेली दोरी घेऊन मागच्या दोन्ही बाजूंना बांधावी. नाहीतर माणूस बाजूला गेला, की हलक्या बोटीचे ढुंगण तिकडेच ओढले जाते आणि बोट वाकडी चालते.

चौथी युक्ती खेळणाऱ्याची आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची. तो पाण्यात उकिडवा बसतो. गुडघे छातीशी, हात सरळ, दोरी दोन्ही स्कींच्या मध्ये आणि स्कींची टोके पाण्याबाहेर. बोट निघाली, की नवशिक्याला उभे राहण्याची घाई होते. तो हात ओढून घेतो आणि पाय ताठ करतो. त्याने पाण्याचा रोध वाढतो, इंजिन गुदमरते आणि तो पडतो. शहाणा खेळाडू तसाच उकिडवा राहतो आणि बोटीला आपले काम करू देतो. पाणी त्याला हळूहळू उचलते. पायांखाली पाणी घट्ट लागू लागले, की तो सावकाश उभा राहतो. मोठ्या इंजिनपुढे धीर नसला तरी चालून जाते. लहान इंजिनपुढे धीर हवाच.

पण खेळ समजला, म्हणजे सारे झाले असे नाही. येथे चूक झाली, तर जीव जाऊ शकतो. बोट लहान आहे, म्हणजे धोका लहान आहे, असे मुळीच समजू नका. पाण्याखालचा पंखा लहान बोटीचाही धारदार असतो आणि तो दिसत नाही. म्हणून या खेळाला तीन माणसे लागतात. एक ओढला जाणारा, दुसरा बोट चालवणारा आणि तिसरा मागे तोंड करून बसणारा. बोट चालवणाऱ्याने समोर पाहायचे. खेळणाऱ्यावर नजर ठेवायची ती तिसऱ्याने. वजन कमी करण्यासाठी याच तिसऱ्या माणसाला काठावर ठेवण्याचा मोह होतो. तो मोह टाळावा. सामान उतरवता येते. डोळे उतरवता येत नाहीत.

इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून हातांची भाषा ठरलेली आहे. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा. अंगठा खाली म्हणजे वेग कमी करा. गळ्यावरून आडवा हात फिरवला, म्हणजे बोट थांबवा. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडून धरले, म्हणजे मी ठीक आहे. हे शब्द सर्वांनी पाण्यात उतरण्यापूर्वी पाठ करावेत.

आणखी काही नियम कधीही मोडू नयेत. पोहता येत असले, तरी तरंगते जाकीट अंगात असलेच पाहिजे. वेगाने पडून शुद्ध हरपली, तर पोहणे उपयोगी पडत नाही. दोरी हाताला किंवा मनगटाला कधी गुंडाळू नये. तोल गेला, की लगेच दोरी सोडावी. उथळ पाण्यात, धक्क्याजवळ किंवा पोहणाऱ्यांच्या आसपास हा खेळ खेळू नये. आणि पडलेला माणूस बोटीजवळ आला, की इंजिन पूर्ण बंद करावे. केवळ गती काढून घेणे पुरेसे नाही, कारण पंखा तरीही फिरत राहू शकतो. पंखा थांबल्यावरच माणसाने बोटीत चढावे.

आता पुन्हा राल्फकडे वळू. १९२५ साली त्याने पाण्यात एक उतरता तराफा उभारला, त्यावर चरबी चोपडली आणि त्यावरून घसरत जाऊन हवेत उडी मारली. लोकांना तो आपला खेळ दाखवत असे. पण आपल्या कल्पनेचे पेटंट मात्र त्याने घेतले नाही. त्याच १९२५ साली फ्रेड वॉलर नावाच्या दुसऱ्या एका अमेरिकन संशोधकाने पाण्यावरच्या स्कींचे पेटंट घेतले. राल्फच्या फळ्या गावातच राहिल्या आणि जग त्याला विसरले. तो पुढे टर्की पक्षी पाळून शेती करू लागला.

खेळ मात्र वाढत गेला. १९४६ साली त्याची जागतिक संघटना स्थापन झाली. १९४९ साली फ्रान्समध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली. १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो प्रदर्शनीय खेळ म्हणून दाखवला गेला. मधल्या काळात, १९६३ साली, लेक सिटीला आलेल्या एका महिला पत्रकाराला भिंतीवर टांगलेल्या त्या जुन्या फळ्या दिसल्या. तिने चौकशी केली आणि बातमी लिहिली. १९६६ साली अमेरिकेच्या वॉटर स्की संघटनेने मान्य केले, की पाण्यावर स्की करणारा पहिला माणूस राल्फ सॅम्युएलसन हाच. तेव्हा त्या जुलै महिन्याला चव्वेचाळीस वर्षे झाली होती. १९७७ साली राल्फचे निधन झाले. निदान त्याला त्याचा मान जिवंतपणी मिळाला.

मित्रांनो, आपल्यापुढे मोठे काम आले, की आपण आधी साधनांची यादी करतो. मोठे यंत्र हवे, जास्त पैसा हवा, असे म्हणतो. साधने लागतातच, यात शंका नाही. पण राल्फजवळ वखारीतल्या दोन फळ्या होत्या, आईचे एक भांडे होते आणि एक मंद बोट होती. चुकलेली गोष्ट तशीच पुन्हा न करता, आता काय बदलून पाहावे, असे तो दर वेळी स्वतःला विचारत होता. तुम्हीही एखाद्या सुट्टीत तळ्याकाठी गेलात, तर एक चपटा दगड उचला आणि पाण्यावर भिरकावा. तो बुडाला, तर जोर वाढवण्याआधी कोन बदलून पाहा.