निवडीचा वाचक : म्हैसूरमधील नोकरभरती, काल आणि उद्या

नोकरभरतीचा विचार सामान्यतः अर्थशास्त्र वा प्रशासनशास्त्र यांच्या कक्षेत केला जातो. तथापि अर्ज, शिफारसपत्र, उत्तरपत्रिका आणि मुलाखत या सर्व एका अर्थाने संहिताच होत. उमेदवाराची निवड त्यांच्या वाचनातून होते. वाचक बदलला की त्याच्या अपेक्षा बदलतात, आणि त्या अपेक्षा ओळखून लिहिणाऱ्या उमेदवाराची भाषाही बदलते. येत्या काळात हा वाचक बव्हंशी यंत्र असणार आहे. या बदलाचे स्वरूप समजून घेण्यास म्हैसूरचा अनुभव विशेष उपयुक्त ठरतो.

इंग्रज कमिशनच्या राजवटीत (१८३१–१८८१) म्हैसूरच्या दप्तरात कन्नडबरोबर मराठीचाही वापर होता. साहजिकच मराठी लिहिता-वाचता येणे ही तेथे नोकरीसाठीची एक पात्रता होती. १८८१ मध्ये राज्य वडियार घराण्याकडे परत आल्यानंतर शेषाद्री अय्यर यांच्या दिवाणपदाच्या काळात (१८८३–१९०१) वरिष्ठ जागांसाठी स्पर्धा परीक्षा सुरू झाली. दप्तरातील ओळखीची जागा आता उत्तरपत्रिकेने घेतली. ही पद्धत वरकरणी निःपक्षपाती होती. परंतु इंग्रजी शिक्षण ज्या समाजांत आधी पोहोचले होते त्यांचीच उत्तरे परीक्षकांस प्रगल्भ वाटणे स्वाभाविक होते. सरकारी सेवेत ब्राह्मणांचे, त्यातही काही काळ मद्रास प्रांतातून आलेल्यांचे, प्राबल्य राहिले आणि त्याविरुद्ध असंतोष वाढत गेला.

या असंतोषाला दोन संस्थानांनी दिलेली उत्तरे तुलनेसाठी उद्‌बोधक आहेत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी आज्ञा काढून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. म्हैसूरमध्ये कृष्णराज वडियार चौथे यांच्या कारकिर्दीत १९१८ साली सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कोल्हापूरचा दस्तऐवज आज्ञेच्या रूपात आहे, म्हैसूरचा युक्तिवादाच्या. समितीने सात वर्षांच्या आत वरिष्ठ जागांपैकी निम्म्या आणि कनिष्ठ जागांपैकी दोन-तृतीयांश जागा ब्राह्मणेतर समाजांकडे असाव्यात अशी शिफारस केली. दिवाण विश्वेश्वरय्या यांना यात कार्यक्षमतेची हानी दिसत होती. हा वाद चालू असतानाच त्यांनी दिवाणपद सोडले.

साहित्याच्या अभ्यासकाने समितीचा एक मुद्दा विशेष लक्षात घ्यावा असा आहे. कार्यक्षमता केवळ विद्याविषयक गुणवत्तेने मोजता येत नाही. कारभाराच्या अनेक शाखांत सहानुभूती, हेतूचा प्रामाणिकपणा, उत्साह आणि व्यवहारज्ञान यांचे मोल वाङ्मयीन श्रेष्ठतेइतकेच असते, अशा आशयाचे प्रतिपादन समितीने केले. म्हणजेच पात्रता ही उमेदवाराच्या अंगी आयती असलेली वस्तू नसून वाचणाऱ्याने ठरविलेल्या निकषावर अवलंबून असते, हे सरकारी कागदावर मान्य झाले.

आता वर्तमानाकडे वळू. एकविसाव्या शतकात म्हैसूरचे नाव इन्फोसिसच्या विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्रामुळे नव्या नोकरभरतीशी जोडले गेले. येथे निवड मुलाखतीपाशी संपत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अंतर्गत चाचणीत तीन संधींनंतरही अनुत्तीर्ण ठरलेल्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना याच केंद्रातून परत जावे लागले. नियुक्तिपत्र हा निवडीचा शेवट न राहता तिचा एक टप्पा झाला आहे, आणि ही प्रवृत्ती पुढे वाढण्याचीच शक्यता अधिक दिसते.

दुसरा बदल अधिक मूलगामी आहे. अर्जांची पहिली चाळणी आता अनेक ठिकाणी संगणक करतो, आणि अर्जही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने लिहिले जातात. लेखक व वाचक दोघेही यंत्र झाल्यावर अर्ज एकमेकांसारखे होत जाणार आणि त्यांवरून माणूस ओळखणे कठीण होणार. परिणामी समक्ष मुलाखत, प्रत्यक्ष कामाचा नमुना आणि चाचणी यांना पुन्हा महत्त्व येईल असा अंदाज बांधता येतो. शिवाय यंत्र जुन्या निवडींवरूनच वाचावयास शिकते. ॲमेझॉन कंपनीची अशी एक प्रायोगिक प्रणाली स्त्रियांच्या अर्जांना कमी गुण देत होती, असे २०१८ मध्ये उघड झाले. पूर्वी निवडले गेलेले बहुसंख्य पुरुष होते, हेच त्याचे कारण. म्हैसूरच्या जुन्या परीक्षकाचा दोष येथे नव्या रूपात दिसतो. फरक इतकाच की परीक्षकाच्या पूर्वग्रहावर समिती नेमता आली. यंत्राचा निकष बहुधा कोणास ठाऊकच नसतो.

भाषेचा प्रश्नही नव्याने उभा राहतो. २०२४ पासून केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीची परीक्षा मराठी व कन्नडसह १३ प्रादेशिक भाषांतून देता येऊ लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत स्थानिकांसाठी जागा राखणारे विधेयक मंजूर केले आणि उद्योगांच्या विरोधानंतर ते स्थगित ठेवले. त्यात कन्नडच्या ज्ञानाला पात्रतेचे स्थान होते. मात्र परीक्षा मराठीत वा कन्नडमध्ये देता आली, तरी चाळणी करणारे यंत्र मुख्यत्वे इंग्रजी मजकुरावर घडलेले असेल, तर प्रादेशिक भाषेत घडलेल्या उमेदवाराचे वाचन अपुरेच राहील.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने नोकरभरतीत वापरल्या जाणाऱ्या अशा प्रणालींना अतिजोखमीच्या वर्गात घातले आहे. त्यामागील भूमिका मिलर समितीच्या भूमिकेपासून फार दूर नाही. निकष कोणी ठरविला, तो कोणत्या भाषेत घडला आणि नाकारल्या गेलेल्या उमेदवारास त्याचे कारण विचारता येते काय, हे तीन प्रश्न येत्या काळातील प्रत्येक भरतीपद्धतीस विचारावे लागतील. संहिता कोण, कोणत्या पूर्वग्रहाने वाचतो याचा शोध घेणे हे तौलनिक साहित्याचे नित्याचे कार्य आहे. त्या अभ्यासाचे येथे प्रत्यक्ष काम पडणार आहे.