जपलेल्या फिती, पुसलेल्या फिती

जुलै १९६९ मध्ये ‘अपोलो ११’ मोहिमेने मानवाला चंद्रावर नेले. पन्नास वर्षांनी, २०१९ मध्ये, टॉड डग्लस मिलर या अमेरिकन दिग्दर्शकाने त्याच नावाचा अनुबोधपट सादर केला. त्यात निवेदक नाही, नव्या मुलाखतीही नाहीत. सारा प्रवास त्या काळच्या चित्रणातूनच उलगडतो.

अमेरिकेत केंद्र शासनाने स्वतः केलेल्या चित्रणावर स्वामित्वहक्क नसतो. त्यामुळे स्वतंत्र निर्मात्यालाही ते वापरता येते. या अनुबोधपटासाठी राष्ट्रीय अभिलेखागारातील, नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट रुंद फितींची रिळे उपयोगी पडली. प्रक्षेपणाची तयारी आणि ते पाहण्यास लोटलेला जनसमुदाय त्यांवर टिपलेला होता. खास यंत्राच्या साह्याने हे चित्रण अंकीय स्वरूपात उतरविण्यात आले. नियंत्रण कक्षातील चित्रण बहुतांशी मूक होते. संभाषणाचे ध्वनिमुद्रण मात्र सुमारे ११,००० तासांचे होते. त्यातून नेमके वाक्य शोधून बोलणाऱ्याच्या ओठांशी जुळविणे, हे चिकाटीचे काम होते.

याच मोहिमेची दुसरी बाजू खेदजनक आहे. चंद्रावरून आलेल्या दूरचित्रवाणी संकेतांच्या मूळ चुंबकीय फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष ‘नासा’ने २००९ मध्ये जाहीर केला. त्या दृश्यांच्या प्रक्षेपणासाठी रूपांतरित केलेल्या, कमी सुस्पष्ट प्रतीच आज उरल्या आहेत.

एकाच घटनेच्या दोन नोंदींपैकी एक जपली गेली, दुसरी निकामी ठरली. जुन्या दप्तराचे मोल ते बांधून ठेवणाऱ्याला दिसतेच असे नाही. ते पुढच्या पिढीला कळते.