पाहुणे परत गेल्यानंतर : दुःखातल्या माणसाला घर कसे सावरते



घरातले माणूस गेले की पहिले काही दिवस वस्ती त्या घराला एकटे सोडत नाही. कुणी चहा करून आणते, कुणी भाकरी-पिठले आणते, कुणी लेकरांना आपल्या घरी झोपायला नेते. जलदान विधी होतो. पुण्यानुमोदनाला पै-पाहुणे येतात, त्रिसरण-पंचशील होते, गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलले जातात. मग मैंदर्गीच्या स्टँडवरून कुणी अक्कलकोटची गाडी धरतो, कुणी दुधनीची, कुणी सीमेपलीकडे कर्नाटकातल्या गावी जातो. घरात दोन-तीन माणसे उरतात आणि घर खायला उठते. खरा कठीण काळ तिथून सुरू होतो. या वेळचे आरोग्याचे पान त्या काळाविषयी आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरातला तिशीतला मुलगा अपघातात गेला. मागे आई, बायको आणि दोन लेकरे. दीड-दोन महिने झाले आहेत. आई पूर्वी तुरीच्या रानात रोजाने जायची, आता जात नाही. रात्री दोनला उठून बसते. जेवायला बसली की दोन घासांत उठते. डोके दुखते, छातीत धडधडते, अंग गळून गेले म्हणते. डॉक्टरांनी शक्तीची सुई दिली, पण फरक नाही. शेजारी म्हणतात, "आता किती दिवस रडायचं? नातवंडांकडे बघ." ती बघते, पण तिला काही वाटतच नाही. आणि आपल्याला काही वाटत नाही, याचीच तिला लाज वाटते.

असे घर आपण प्रत्येकाने पाहिले आहे. अशा वेळी दोन चुका होतात. एक, हा आजार असू शकतो हे कुणी ओळखत नाही. दुसरी, डॉक्टरांकडे नेले की घराचे काम संपले असे वाटते. खरे तर प्रेम आणि उपचार दोन्ही एकाच वेळी लागतात.

दुःख कुठे संपते, आजार कुठे सुरू होतो

जवळचे माणूस गेल्यावर रडू येणे, भूक मरणे, झोप उडणे हा आजार नाही. दुःख लाटेसारखे येते आणि ओसरते. मधूनच माणूस हसतो, लेकराला जवळ घेतो, जुनी आठवण सांगतो. हळूहळू लाटांमधले अंतर वाढते. याला किती दिवस लागावेत याचे कॅलेंडर नसते.

पण दिवसाचा बराचसा वेळ मन उदास आहे, कशातच गोडी उरलेली नाही, आणि असे दोन आठवड्यांहून जास्त सलग चालले आहे, तर ते नैराश्य असू शकते. त्याची आणखी लक्षणे अशी : झोप फार कमी किंवा फार जास्त होणे, भूक व वजन घटणे, सतत थकवा, लक्ष न लागणे, "सगळी चूक माझीच" असे वाटणे, "मी नसते तर बरे झाले असते" असे विचार येणे. आपल्याकडे मनाचे दुखणे पुष्कळदा अंगावर निघते. डोकेदुखी, पाठदुखी, पोटात गोळा, हातापायांची आग अशा तक्रारी घेऊन माणूस दवाखान्यात फिरत राहतो. पुरुष रडत नाहीत. ते चिडतात, गप्प होतात किंवा पिऊ लागतात. लहान मुले शाळा टाळतात, अंथरूण ओले करतात, आईला चिकटून राहतात.

रक्त कमी असणे, थायरॉईडचा बिघाड, 'बी-१२' जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मधुमेह यांतही असाच थकवा आणि उदासपणा येतो. म्हणून रक्त तपासून घेणे गरजेचे आहे. "मनाचेच आहे" असे घरच्या घरी ठरवू नये.

बाबासाहेबांच्या घरातले दुःख

"आपण बाबासाहेबांची लेकरे, आपण खचायचे नाही," असे आपल्यात म्हटले जाते. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण बाबासाहेबांच्या घरात काय घडले ते आठवा. रमाई आणि बाबासाहेब यांना पाच अपत्ये झाली. त्यांतले एकटे यशवंतराव जगले. रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न ही चारही लेकरे लहानपणीच गेली. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. त्यानंतर बाबासाहेबांनी एका स्नेह्याला पत्र लिहिले आणि जगण्यातली गोडीच गेली, असे मन त्यात मोकळे केले. एवढ्या खंबीर माणसाने आपले दुःख लपवले नाही. विश्वासाच्या माणसापाशी ते बोलून दाखवले. पुढच्याच वर्षी, मार्च १९२७ मध्ये, ते महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. त्यांचे दुःख तोवर संपले होते असे नव्हे. दुःख बरोबर घेऊनही माणूस उभा राहू शकतो.

२७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या तेव्हाही बाबासाहेब कोलमडले होते. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी आपल्या 'रामू'च्या स्मृतीस अर्पण केला. गेलेल्या माणसाचे नाव त्यांनी पुसून टाकले नाही, ते जपून ठेवले.

नंतर मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले. १९४८ मध्ये डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, त्यांच्या घरी आल्या. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये प्रस्तावना लिहिली. आपण ग्रंथ पुरा करण्याइतके जगलो, याचे श्रेय त्यांनी माईसाहेब आणि डॉ. माधवराव मालवणकर या दोघांना दिले. घरच्या माणसाची काळजी आणि डॉक्टरांचे औषध या दोन्हींचे ऋण त्यांनी मानले. म्हणून खचलेल्या माणसाला बाबासाहेबांचे नाव घेऊन दटावू नका. त्याला सांगा, "बाबासाहेबांनीही हे सोसलंय, आणि त्यांनीही मदत घेतली."

घराने काय करावे

किसागोतमीची गोष्ट आपण विहारात ऐकतो. मेलेल्या लेकराला कवटाळून ती औषध मागत फिरत होती. ज्या घरात कधी कुणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण, असे बुद्धांनी तिला सांगितले. मरण सर्वांना आहे, हा बोध आपण लक्षात ठेवतो. पण तो तिला कसा झाला तेही पाहा. बुद्धांनी तिला "रडू नको" म्हटले नाही. ती दारोदार गेली, प्रत्येक उंबऱ्यावर तिला कुणीतरी आपले दुःख सांगितले, आणि त्या बोलण्यातून ती हळूहळू सावरली. आपल्या घराने आणि वस्तीने हेच करायचे आहे.

बसा आणि ऐका. रोज पंधरा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून शेजारी बसा. ती तीच गोष्ट दहाव्यांदा सांगेल, तरी ऐका. गेलेल्या माणसाचे नाव घ्यायला घाबरू नका. "त्याला शेंगाची चटणी किती आवडायची" असे म्हटले की डोळ्यांत पाणी येईल, पण मन हलके होईल.

एकत्र जेवा. "जेवून घे" म्हणून ताट झाकून ठेवू नका. सोबत बसून दोन घास जास्त जातात.

दिवसाला आकार द्या. उठायची आणि झोपायची वेळ ठरवा. सकाळच्या उन्हात अर्धा तास कुणीतरी सोबत चाला. संध्याकाळनंतर चहा कमी करा. याने झोप सुधारायला मदत होते.

छोटे काम सोपवा. "रानात चल" हे मोठे काम झाले. "आज नातवाची वेणी तेवढी घाल", "एवढी भाजी निवड" हे जमते. नैराश्यात आधी उत्साह येऊन मग काम होत नाही. थोडे काम झाले की त्यामागून थोडा उत्साह येतो. आशा म्हणजे मोठे भाषण नव्हे. उद्या सकाळी कुणीतरी आपली वाट पाहणार आहे एवढे कळले, तरी माणूस उद्यापर्यंत पोचतो.

"विसरून जा", "इतरांचे याहून वाईट आहे", "मन घट्ट कर" ही वाक्ये टाळा. त्यांनी माणूस आणखी एकटा पडतो. त्याऐवजी म्हणा, "मी इथंच आहे. काय होतंय ते सांग."

घरावर कर्ज असेल, रोजगार बुडाला असेल, जातीवरून अपमान झाला असेल, तर तेही दुःखाचे खरे कारण आहे. त्याला नुसता धीर पुरत नाही. विधवा पेन्शनचा अर्ज, रेशनकार्डावरचे नाव, विम्याचे कागद ही कामे वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी वाटून घ्यावीत. तेही औषधच आहे.

दारू आणि देवऋषी

दारूने तासभर विसर पडतो, पण झोप बिघडते आणि उदासपणा वाढतो. आत्महत्येचा धोकाही वाढतो. पंचशीलातले पाचवे शील अशा दिवसांत सर्वांत जास्त कामाला येते. सुटत नसेल तर व्यसनावरही उपचार आहेत. शिव्या देऊन दारू सुटत नाही.

"करणी झाली", "बाहेरचं लागलं" म्हणून देवऋषाकडे जाण्यात पैसा जातो, आणि त्याहून मोलाचा वेळ जातो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही घाबरलेल्या घडीला पाय तिकडे वळतात. त्यांना हसू नका, हात धरून दवाखान्यात न्या.

जीव धोक्यात आहे असे वाटले तर

माणूस मरणाची भाषा बोलू लागला, आवडत्या वस्तू वाटू लागला किंवा निरोप घेतल्यासारखे बोलला, तर सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट कोंडलेले बाहेर येते. "हो" म्हटले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. फवारणीची औषधे आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा किंवा घराबाहेर हलवा. अशी अनावर लाट पुष्कळदा काही वेळाने ओसरते. त्या वेळात विष हाताशी नसेल तर जीव वाचतो.

कुणी विषारी औषध घेतलेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. औषधाची बाटली सोबत न्या. पोलीस केसच्या भीतीने उशीर करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते. तिला उपचार आणि आधार देणे हे सरकारचे कर्तव्य आहे.

मदत कुठे मिळते

पहिला फोन घरूनच करता येतो. टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. दिवस-रात्र चालते, पैसे लागत नाहीत. मराठीत बोलता येते, कन्नडमध्येही बोलता येते. आपल्या सीमाभागात हे महत्त्वाचे आहे. आजीला मराठीपेक्षा कन्नड जवळची असेल तर तिला तिच्या भाषेत बोलू द्या. माणूस रडतो त्याच भाषेत त्याला दुःख सांगता येते.

गावातल्या आशाताईंना सांगा. अक्कलकोटच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. गरज पडल्यास सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. पहिल्या खेपेला घरातले कुणीतरी सोबत जा, कारण दुःखातल्या माणसाला सगळे नीट सांगता येत नाही. झोप, भूक आणि चालू गोळ्या कागदावर लिहून न्या.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून थोडे जास्त. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने त्या घ्याव्या लागतात. मनाने बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात. नैराश्यावरच्या या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. झोपेच्या गोळ्या वेगळ्या असतात. त्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नका.

सांभाळणाऱ्यालाही सांभाळा

आपल्या उदाहरणातली सून आठवा. सासूला जपण्याच्या गडबडीत, नवरा तिचाही गेला आहे हे सगळे विसरतात. ती स्वयंपाक करते, लेकरांना शाळेत पाठवते, सासूला गोळी देते. तिच्याजवळ कोण बसते?

हगवणीने आजारी पडून घाणीत लोळणाऱ्या एका भिक्खूला बुद्धांनी आनंदासह स्वतः धुतले आणि अंथरुणावर निजवले, ही कथा विनयपिटकात आहे. मग त्यांनी संघाला समज दिली, की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. सेवेचा भार त्यांनी एका माणसावर टाकला नाही, तो सर्व संघाचा केला. वस्तीनेही तसेच करावे. रविवारच्या वंदनेनंतर विहारात पाच मिनिटे यासाठी ठेवा. या आठवड्यात कोणाच्या घरी कोण बसायला जाईल, सिव्हिलला सोबत कोण जाईल, लेकरांचा अभ्यास कोण घेईल, ते तिथेच ठरवा.

आणि पुण्यानुमोदनाला महिना उलटला की त्या घरी पुन्हा एकदा जा. हातात काही नसले तरी चालेल. सासूला भेटा, मग आत चुलीपाशी असलेल्या सुनेलाही विचारा, "तू कशी आहेस?" आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा.