मेंदूच्या जुन्या इजेनंतरचा शोक व ताण

मेंदूची इजा भरून आल्यावरही शोक व ताण सोसण्याची रुग्णाची क्षमता अनेक वर्षे उणी राहू शकते. ललाट खंडास इजा झालेली असल्यास भावनांचे नियमन दुबळे होते. आप्ताच्या निधनानंतर रडू अनावर होते, किंवा चेहरा निर्विकार राहतो आणि घरचे त्याला निष्ठुर समजतात. त्यातच, गमावलेल्या पूर्वीच्या स्वत्वाचा शोक असतोच. कुर्ट गोल्डश्टाइन (१८७८–१९६५) यांनी पहिल्या महायुद्धातील मेंदूस इजा झालेल्या जर्मन सैनिकांत, न झेपणारे काम पुढे येताच उसळणारी तीव्र व्याकुळता वर्णिली. कमालीचा नेटकेपणा राखून हे सैनिक ती टाळीत. सभोवतालच्यांना तो हट्ट वाटे. वस्तुतः तो आधार होता. म्हणून शोककाळातही ठरलेली दिनचर्या, पुरेशी झोप व एका वेळी एकच काम उपयुक्त ठरते. सांत्वनास येणाऱ्यांची गर्दी मात्र अशा रुग्णास लवकर थकविते.