गुलाब लावताना : खुंट कोणाचा, फूल कोणाचं?

मंडळी, मागच्या वेळी थीसियसच्या जहाजावर आपण तासभर घासाघीस केली. एकेक फळी बदलत गेलो तर जहाज तेच राहतं का, वगैरे. ते संपल्यावर एका ताईंनी विचारलं, "सर, ते जहाजाचं राहू द्या, माझे गुलाब दर वर्षी मरतात, ते का?" मला वाटतं, हा त्याच प्रश्नाचा भाग आहे. बघा कसा.

रोपवाटिकेतून आपण एक गुलाब आणतो, पण ती झाडं असतात दोन. खाली खुंट, एखाद्या काटक गुलाबाचा. त्याच्या सालीत इंग्रजी टी अक्षरासारखी खाच घेऊन हव्या त्या जातीचा डोळा बसवतात आणि पट्टीने बांधतात. याला डोळा भरणं म्हणतात. डोळा फुटला की खुंटाचा वरचा भाग कापून टाकायचा. म्हणजे मुळं एकाची, फुलं दुसऱ्याची.

मी निवृत्त झालो त्या वर्षी एक गडद लाल, वासाचा गुलाब आणला. पत्नी आजारी होती. तिच्या खिडकीतून दिसेल असा लावला. आणि लावताना तो सांधा मातीत गाडला! एका विलायती पुस्तकात तसं वाचलं होतं. अहो, त्यांच्याकडे बर्फ पडतो, म्हणून ते सांधा झाकतात. आपल्याकडे तो मातीच्या वर दोन-तीन बोटं उघडा हवा, नाहीतर पावसाळ्यात तिथे कुजतं. हे मला कळायला दोन वर्षं गेली.

खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि तेवढाच खोल घ्या. काळी माती असेल तर आधी त्यात पाणी ओतून बघा. सकाळपर्यंत तसंच उभं राहिलं, तर जागा बदला किंवा वाफा उंच करा. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. ताजं शेण नको, मुळं भाजतात. ऊन पाच-सहा तास तरी हवं. मोठा पाऊस ओसरला की लावावं. भर एप्रिलात लावून मग रडू नये.

पिशवी कापून काढा, ओढू नका. आतला मातीचा गोळा पुष्कळदा विटेसारखा कडक असतो. मग बाहेरची माती ओली दिसते आणि आत मुळं तहानलेली! म्हणून लावण्याआधी तो गोळा पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवतो मी. नंतर आळं करून भरपूर पाणी द्यायचं, आणि पुढचं पाणी वरची माती बोटभर सुकल्यावरच. रोज थोडंथोडं शिंपडलं की मुळं वरच्या वरच राहतात.

आता कठीण भाग. पहिल्या दीड-दोन महिन्यांत येणाऱ्या कळ्या खुडायच्या. हात धजावत नाही, ठाऊक आहे मला. माझाही धजावला नव्हता, कारण खिडकीत बसलेलं माणूस त्या कळीची वाट बघत होतं. ती फुलू दिली आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण तुम्ही खुडा.

दुसऱ्या वर्षी झाड जोमाने वाढलं. मी खूश. पत्नी म्हणाली, "अहो, हा आपला नाही. याची पानं वेगळी आहेत." खरंच, लाल गुलाब खाली कुजून गेला होता आणि मी खुंटाला पाणी घालत होतो! सांध्याच्या खालून फूट आली की ती खुंटाची, मग कितीही टवटवीत दिसो. सात पानांवरून ओळखतात, पण त्यावर विसंबू नका, उगम बघा. माती उकरून ती मुळापासून ओढून काढा. वरवर कापली तर पुन्हा फुटते.

उपटावं म्हटलं तर तिने उपटू दिलं नाही. थंडीत एका माळ्याला बोलावून त्याच खुंटावर शेजाऱ्यांच्या लाल गुलाबाचा डोळा भरून घेतला. तो धरला. पुढच्या दिवाळीला फूल आलं, तेव्हा ती होती. आता ते झाड तेच की दुसरं, हे मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "आधी पाणी घाला."