नवीन पोर्ट घेऊ का रे?

सुरुवातीलाच सांगतो, मी कॉन्व्हेंटवाला. शाळेत मराठी होतं, पण ते मार्क मिळवण्यापुरतं! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ जरा सांभाळून घ्या. हा लेख लिहायचं कारण म्हणजे माझा एक गाढवपणा. त्यापायी माझ्या रूम पार्टनरच्या, म्हणजे रूमीच्या वडिलांना चांगलाच भुर्दंड बसणार होता.

तर झालं असं. गेल्या वर्षी रूमीने सेकंडहँड मॉनिटर घेतला. २४ इंची, फुल एचडी, १४४ हर्ट्झ. विंगमध्ये तेव्हा काय वट होती त्याची! पण सहा महिने झाले तरी काउंटर-स्ट्राइकमध्ये सगळ्यात आधी हाच मरतो. एका रात्री म्हणाला, "यार, स्क्रीन स्मूथ वाटतच नाही. तुझ्या लॅपटॉपसारखीच वाटते." रात्रीचे दोन वाजलेले, सकाळी सबमिशन, मी जर्नलमध्ये डोकं घालून बसलेलो. मान वर न करताच ठोकून दिलं, "तुझं पोर्ट जुनं आहे रे. डिस्प्लेपोर्ट २.१ वाला मॉनिटर घे."

पठ्ठ्याने ते ब्रह्मवाक्य मानलं! दोन दिवसांनी पाहतो तर घरी फोन चालू, "बाबा, प्रोजेक्टसाठी लागतोय..." त्याचे वडील एसटीत कंडक्टर आहेत. माझ्या पोटात गोळाच आला. मग कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. खरं तर हे आधीच करायला हवं होतं.

हिशोब अगदी फर्स्ट इयरचा आहे. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन रंग, प्रत्येकाला ८ बिट, एकूण २४. हे सगळं सेकंदाला १४४ वेळा पाठवायचं. गुणाकार करा, उत्तर येतं ७१६ कोटी ६३ लाख ६१ हजार ६०० बिट. म्हणजे साधारण ७.१७ गिगाबिट दर सेकंदाला. त्यात थोडं ब्लँकिंग धरा. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये किरणाला ओळीच्या सुरुवातीला परत यायला वेळ लागायचा. ट्यूब गेली, पण ती मोकळी जागा थोडीफार अजून ठेवतात.

आता पाइप किती मोठा आहे ते बघू. इथे एक गोम आहे. खोक्यावर छापलेला आकडा पूर्ण मिळत नाही. जुन्या पद्धतीत दर ८ बिटांसाठी तारेतून १० बिट जातात, म्हणजे वीस टक्के तिथेच खलास. २००९ चं एचडीएमआय १.४ म्हणायला १०.२ गिगाबिट, हातात येतात ८.१६. म्हणजे आपले १४४ हर्ट्झ ब्लँकिंग धरून अगदी काठोकाठ बसतात, आणि बऱ्याच जुन्या मॉनिटरचं एचडीएमआय पोर्ट १२० लाच थांबतं. पण २०१० चं डिस्प्लेपोर्ट १.२ खरेखुरे १७.२८ देतं. लागतात साधारण आठ, आणि आहेत सतरा! म्हणजे मी ज्याला जुनं म्हणून हिणवलं ते पोर्ट दुपटीने पुरून उरत होतं.

मग स्क्रीन स्मूथ का नाही? डिस्प्ले सेटिंग उघडलं. रिफ्रेश रेट... ६०! केबल एचडीएमआयची, आणि विंडोजने पहिल्या दिवशी जे ६० धरलं ते तसंच. सहा महिने हा १४४ चा मॉनिटर ६० वर वापरत होता. ६० वर दर १६.७ मिलिसेकंदाला नवीन चित्र येतं, १४४ वर ६.९ ला. शेजारच्या रूममधून डिस्प्लेपोर्टची केबल मागून आणली, सेटिंग बदललं, माउस गोल फिरवला. रूमी दोन मिनिटं नुसता माउसच फिरवत बसला.

म्हणजे नवीन स्टँडर्ड म्हणजे सगळा भंपकपणा का? नाही हो, तसंही नाही. क्यूएचडीला, म्हणजे २५६० गुणिले १४४० ला, १६५ हर्ट्झसाठी १४.६ गिगाबिट लागतात. २०१३ चं एचडीएमआय २.० देतं १४.४, म्हणजे थोडक्यात हुकतं. डिस्प्लेपोर्ट १.२ वर मात्र बसतं. क्यूएचडी २४० हवं असेल तर २०१६ चं डिस्प्लेपोर्ट १.४ पुरतं, त्याचे हातात येणारे २५.९२. आपल्या हॉस्टेलमधले मॉनिटर डोळ्यांसमोर आणले तर बहुतेक सगळ्यांची कहाणी इथेच संपते.

खरी मारामारी फोर-के मध्ये. फोर-के २४० ला नुसत्या पिक्सेलचेच ४७.८ गिगाबिट होतात. २०१७ चं एचडीएमआय २.१ म्हणायला ४८, हातात साडेबेचाळीसच्या आसपास, म्हणजे तेही अपुरं. तरीसुद्धा २०२४ मध्ये आलेले बरेच फोर-के २४० मॉनिटर चक्क डिस्प्लेपोर्ट १.४ वर चालतात. कसे? डीएससी नावाच्या कॉम्प्रेशनमुळे. दिवाळीनंतर आई हॉस्टेलची बॅग भरते ना, तसं. तेवढ्याच बॅगेत तिप्पट सामान, आणि चकलीसुद्धा मोडत नाही. फरक डोळ्याला सहसा दिसत नाही, आणि काम काही ओळींपुरतंच चालतं म्हणून उशीरही जाणवण्याइतका होत नाही. फुल स्क्रीन गेममधून आल्ट-टॅब केल्यावर कधीकधी क्षणभर काळा पडदा येतो, ही तक्रार मात्र खरी.

नवीन स्टँडर्डने खरोखर फरक पाडला अशी एक केस मला माहीत आहे. सॅमसंगचा ५७ इंची ओडिसी निओ जी ९, २०२३ चा. दोन फोर-के शेजारी शेजारी चिकटवल्यासारखा, ७६८० गुणिले २१६०, २४० हर्ट्झ. नुसते पिक्सेलच ९५ गिगाबिटच्या वर! तेव्हाचं सगळ्यात तगडं कार्ड, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९०, डिस्प्लेपोर्ट १.४ मुळे १२० वर अडकलं. आणि डिस्प्लेपोर्ट २.१ वालं एएमडीचं आरएक्स ७९०० एक्सटीएक्स डीएससी लावून २४० गाठत होतं. पण तो मॉनिटर आमच्या टेबलावर ठेवला तर आम्हाला जेवायला कॉरिडॉरमध्ये बसावं लागेल. दुसरी केस प्लेस्टेशन ५ ची. त्याला डिस्प्लेपोर्टच नाही, तेव्हा फोर-के १२० साठी एचडीएमआय २.१ लागतंच.

अजून एक सांगतो, कारण आमचे काही सीनियर यात फसलेत. लेबलवर विसंबू नका. "एचडीएमआय २.१" लिहिलंय म्हणजे ४८ गिगाबिट असतीलच असं नाही, कारण त्यातली बरीच फीचर्स ऐच्छिक आहेत. डिस्प्लेपोर्ट २.१ मध्येही ४०, ५४ आणि ८० असे तीन वेग आहेत. त्यामुळे स्पेसिफिकेशनमध्ये गिगाबिट किती, कोणत्या पोर्टवर किती हर्ट्झ, ते वाचा. आणि कार्ड गेममध्ये ८० च फ्रेम काढत असेल, तर मागे कितीही जाड केबल लावा, ८० च दिसणार.

रूमीने त्याच रात्री घरी फोन केला, "बाबा, नको पाठवू पैसे, झालं काम." वडिलांनी विचारलं, "प्रोजेक्टचं काय?" हा गप्प. शेवटी मीच फोन घेतला आणि म्हणालो, "काका, चूक माझी होती." सगळं सांगून टाकलं. काका हसले, मग त्याला परत फोन द्यायला सांगितला. पुढची पाच मिनिटं रूमी फक्त "हो बाबा... हो बाबा" करत होता.

गेममध्ये सगळ्यात आधी तो अजूनही मरतो. केबल तेवढी शेजारच्यांना परत करायची राहिलीय.