आजीचं ड्रेसिंग टेबल आणि माझ्या पट्ट्या

आजीच्या लग्नातलं सागवानी ड्रेसिंग टेबल. तीन खण, आरसा डागाळलेला. बाबा म्हणाले, "जुन्या बाजारात देऊन टाकू." आजी काही बोलली नाही, नुसती पदराने आरसा पुसत राहिली. मग मीच जाहीर केलं, "थांबा, मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याला नटवते!"

सुतारकाकांकडून सागाच्या उरलेल्या पट्ट्या आणल्या. खणांच्या दर्शनी फळ्यांवर त्या उभ्या, ओळीने, भरपूर फेव्हिकॉल लावून चिकटवल्या. काय ऐट आली होती म्हणून सांगू! जुलैत आईचा होस्टेलवर फोन : "तुझ्या पट्ट्या सुटल्या गं."

दिवाळीत घरी गेले तर काका हसले. "पोरी, फळीच्या रेषा आडव्या, पट्टीच्या उभ्या. मग भांडण होणारच ना?"

मटेरियल सायन्सच्या पेपरात 'अ‍ॅनायसोट्रॉपी' लिहून मी मार्क मिळवले होते. अर्थ कळला तो त्या दिवशी! दमट हवेत लाकूड फुगतं, पण रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच; फुगतं ते रेषांना आडवं. १५ सेंमी उंचीची फळी १ टक्का फुगली तरी दीड मिलीमीटर वाढते. तिच्यावरची उभी पट्टी मात्र आहे तेवढीच राहते. सगळा ताण मधल्या फेव्हिकॉलवर! होस्टेलचं दार पावसाळ्यात लाथ खाल्ल्याशिवाय उघडत नाही, ते याच फुगण्यामुळे.

मग पुन्हा सुरुवात. आधी ८० आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने जुनं पॉलिश काढलं, कारण फेव्हिकॉल कोऱ्या लाकडातच मुरतो. बहुतेक पट्ट्या आता आडव्या घेतल्या. जिथे उभ्या हव्याच होत्या, तिथे ३ सेंमीचे तुकडे, मध्ये बारीक फट ठेवून. म्हणजे एकेका तुकड्याच्या वाट्याला फक्त ०.३ मिलीमीटर! नक्षी आधी कोरडीच मांडून पेन्सिलीने खुणा केल्या. फेव्हिकॉल पातळ लावला, बाहेर आलेला लगेच ओल्या फडक्याने पुसला. त्याचा डाग राहिला तर तिथे पॉलिश धरत नाही. खण उभे करून वर २४ तास जाडजूड पुस्तकं ठेवली. (शेवटी उपयोग झाला त्यांचा!) वरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेच्या पॉलिशचे तीन हात.

त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला. एकही तुकडा सुटला नाही. आजी रोज सकाळी तिथेच बसून वेणी घालते, आणि जुन्या बाजाराचं नाव आता घरात कोणी काढत नाही.

तुम्हीही करून बघा. फक्त लाकडाला हलायला जागा ठेवा!